लामदुआन नावाची इथे कुणी नाही

बँकॉक
५ मार्च, बुद्ध संवत २५३३

सायथोंग,

पोचले, आणि हातीपायी धड आहे. हे आधी लिहिते, कारण पहिली ओळ वाईट असली तर तू पत्र उशीखाली ठेवून तीन दिवस रडत बसशील.

तुझी कुंग अजून सापडलेली नाही. पण मला येऊन दोनच दिवस झालेत, तेव्हा लगेच ऊर बडवायला बसू नकोस.

स्टेशनवर वान्दी घ्यायला आली होती. खालच्या आळीतल्या थोंगदाची सून, स्वतःच्याच लग्नात खदाखदा हसली म्हणून तू नावं ठेवली होतीस, तीच. इथे हातगाडीवर कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकते. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "मावशी, आता तुम्ही या शहरात हरवलात तरी फिकीर नाही, मी वासावरून शोधीन." मुरवलेल्या मासळीची तुझी बरणी गाडीतच फुटली. शेजारच्या मास्तरांच्या पँटवर सांडली. ते बिचारे पुढच्या स्टेशनावर डबा बदलून गेले.

शहराचं काय सांगू? इथे माणसं चालत नाहीत, मागे कुत्रं लागल्यासारखी पळतात. बस थांबत नाही, नुसती मंदावते, तेवढ्यात चढायचं. वाहक तिकिटांची पत्र्याची नळी कानाशी खडखडवतो आणि मी काही विचारलं की आपल्याकडची बोली ऐकून हसतो. वीस मजली इमारतीच्या पायाशीसुद्धा भूमीच्या रखवालदाराचं देवघर आहे आणि त्याच्यापुढे लाल सरबताची बाटली, तेवढंच काय ते ओळखीचं. मी तिथे हात जोडले आणि म्हटलं, बाबा, तू इथला जुना आहेस, माझी भाची कुठे आहे ते सांग.

काल तिच्या पत्त्यावर गेले. कपडे शिवायच्या कारखान्यातल्या मुलींचं चार मजली वसतिगृह आहे. दारावरची बाई नवीन वर्षापासून आलेली, तोंडात सुपारी नाही तरी तोंड कायम भरलेलं. मी म्हटलं, "कुंगला बोलवा." ती म्हणाली, "मावशी, या इमारतीत सगळ्यांचीच हाकेची नावं कुंग, लेक नाहीतर नोय. कागदावरचं नाव सांगा." मी सांगितलं, लामदुआन. तिने वही उलटीपालटी केली. "लामदुआन नावाची इथे कुणी नाही."

फोटो दाखवला. पण आपल्याकडे तिचा शाळेतलाच एक फोटो, कानापर्यंत कापलेले केस आणि पांढरा सदरा. बाई म्हणाली, "असा फोटो तर माझाही आहे."

तिथे भिंतीवर फळा आहे, खोलीवार नावं लिहिलेला. मी नीट वाचून काढला, उगाच कुणी म्हणायला नको. खोली बारा नोंगन्यात, खोली तेरा फिमोनवान, खोली चौदा कन्लाया. नावं सगळी राजवाड्यातल्या राण्यांची आणि दारात वाळत घातलेले टॉवेल फाटके. आपल्या गावात अशा नावाची हाक मारली तर म्हशी उठून उभ्या राहतील.

उद्या कारखान्यात जाते. पायाचं प्लास्टर ओलं करू नकोस.

तुझी ताई
खामपून

*

बान नोंग खाम, सिसाकेत
१० मार्च

ताई,

तुझं पत्र आपल्या शाळेतल्या मास्तरांच्या मुलाने आणून दिलं. हसवायचा प्रयत्न केलास ते कळलं. हसू आलं नाही.

वहीत नाव नाही म्हणजे काय? ती तिथेच राहत होती. जानेवारीपासून माझी तीन पत्रं परत आली, तिन्हींवर तोच शिक्का, "या नावाची व्यक्ती येथे राहत नाही." पण खोली सोडली असती तर सोडली म्हणून लिहिलं असतं ना? नावच नाही, असं कसं होईल?

तू लामदुआन याच नावाने विचार. आपल्या बाबांनी दिलेलं नाव आहे. ती झाली तेव्हा अंगणातलं लामदुआनचं झाड फुललं होतं, म्हणून. दुसरं काही कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

मला झोप नाही. मागावर बसले तरी धागे तुटतात. सारखं आठवतं, सातव्या महिन्यातच झालेलं पोर, कोळंबीएवढं वळकटून टोपलीत पडलेलं. सुईण म्हणाली, जगायचं नाही. चांगलं नाव घेऊन हाक मारली तर भुतंखेतं नेतील, म्हणून मी तिला कुंग म्हटलं, कोळंबी. रोज तिच्या कानाशी तीच हाक. त्या हाकेवर ती जगली. आणि आता तू म्हणतेस, इमारतभर कुंग आहेत.

पोलिसांत जाऊ नकोस. नाव एकदा तिथे लिहिलं गेलं की पुसलं जात नाही.

रस्त्यात घाबरलीस तर जिथल्या तिथे आपल्या ख्वानला हाक मारून परत बोलाव. ख्वान म्हणजे अंगातला जीवच, धसक्याने निघाला आणि त्या गर्दीत राहून गेला तर परत कोण आणणार? मी बांधलेला दोरा मनगटावर आहे ना?

सायथोंग

*

बँकॉक
१४ मार्च

सायथोंग,

दोरा आहे. काळा झालाय, पण आहे.

आणि तुझं ऐकलं. काल मोठा रस्ता ओलांडताना बस अशी अंगावर आली की मी तिथेच खाली बसले, आणि बसल्या जागी ओरडले, "ये रे ख्वान, खामपूनच्या ख्वाना, इकडे ये, बसखाली जाऊ नकोस!" चार गाड्या थांबल्या. वान्दी म्हणाली, "मावशी, आता रोज असंच ओलांडत चला." तिची जीभ म्हणजे खलबत्त्यातली मिरची, पण पोरगी सोन्यासारखी आहे. रात्री स्वतः जमिनीवर झोपते आणि मला चटई देते.

तिची गाडी मी कारखान्याच्या फाटकासमोर लावायला लावली. दुपारी बाराचा भोंगा झाला की निळ्या सदऱ्यातल्या चारशे मुली बाहेर येतात. मी पपई किसते आणि प्रत्येकीला विचारते, "सिसाकेतची कुंग माहीत आहे का?" कुणी म्हणते कुठली, लठ्ठ की बारीक? कुणी म्हणते मी पण कुंगच. तिसरी म्हणते तिखट कमी. अर्धा तास आणि भोंगा परत.

कारखान्याच्या कारकुनाकडे गेले. भला मुलगा होता, बसायला खुर्ची दिली. या महिन्याचा हजेरीपट सगळा वाचला. लामदुआन नाही.

मग एका सरकारी दवाखान्यात गेले, कारण एक मुलगी म्हणाली की मागच्या नोव्हेंबरात कुंग नावाच्या कुणाला तरी कारखान्यातून तिकडे नेलं होतं. तिथे सापडलं. वहीत स्पष्ट लिहिलंय, लामदुआन, वय वीस, सिसाकेत. ताप आला होता. नऊ दिवस होती आणि बरी होऊन गेली. म्हणजे बघ, नोव्हेंबरपर्यंतचा माग लागला. ही चांगलीच बातमी आहे, तशीच वाच.

त्यानंतर कुठे, ते दवाखान्याला माहीत नाही. नोव्हेंबरच्या पुढे तिचं नाव मला कुठल्याच कागदावर दिसलेलं नाही. पण शहर मोठं आहे आणि कागद पुष्कळ आहेत.

शेवटचं पत्र तिने कधी लिहिलं होतं? तू मला नीट सांगितलंच नाहीस.

ताई

*

बान नोंग खाम
१८ मार्च

ताई,

तापाला नऊ दिवस दवाखान्यात ठेवतात का? आपल्याकडे ताप आला की कडुनिंब उकळून देतात आणि चौथ्या दिवशी पोर शेतात असतं. तिच्याजवळ कोण होतं? खायला कुणी दिलं?

परवा स्वप्नात माझा वरचा दात पडला. रक्त नाही, नुसता तळहातावर आला. तुला ठाऊक आहे त्याचा अर्थ काय, घरातलं माणूस जातं. सकाळी लंगडत विहारात गेले. आपले म्हातारे भंते, लुआंग पो, म्हणाले, दात पडल्याचं स्वप्न पाण्याला सांग आणि विसर. रांजणाला सांगितलं. विसरता येत नाही. पूर्वजांच्या फळीवर चिकट भाताचा गोळा ठेवला तर मांजराने नेला, आणि मी त्या मांजरालाच हात जोडले, एवढी माझी बुद्धी फिरली आहे.

पत्र कधी आलं ते आता नेमकं आठवत नाही. पावसाळ्यानंतर. त्यात विशेष काही नव्हतं.

तू परत ये असं म्हणवत नाही आणि राहा असंही म्हणवत नाही.

सायथोंग

*

बँकॉक
२२ मार्च

सायथोंग,

आज शहराचं काही सांगणार नाही.

इथे रस्त्यावर, कालव्यात बेवारस सापडलेली माणसं उचलून नेणारी धर्मादाय मंडळी आहेत. ती त्यांचे फोटो काढून भिंतीवर लावतात, कुणी ओळखावं म्हणून. वान्दी म्हणाली, "मावशी, एकदा बघून टाकू. नाही दिसली तर रात्री भात तरी जाईल." तिने गाडी बंद ठेवली आणि माझ्याबरोबर आली. वाटेत एकही विनोद केला नाही.

नोव्हेंबरपासून पुढचे सगळे फोटो पाहिले. वान्दी उजवीकडून आणि मी डावीकडून. आपली त्यात नव्हती. दोनदा पाहिले, नव्हती. पण कितीतरी कुणाकुणाच्या होत्या, आणि त्यांच्या मावशा आल्या नव्हत्या. मी तिथून बाहेर येऊन गटारात ओकले.

आता ऐक. मी तुझी मोठी बहीण आहे, तुझी वेणी घातली आहे. तू खोटं लिहिलंस की तुझं अक्षर बारीक होतं. "विशेष काही नव्हतं" हे एवढं बारीक लिहिलंयस की वान्दीला वाचून दाखवायला सांगावं लागलं. त्या पत्रात काय होतं?

मीही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. ती समोर बसून सांगेन. पण माझ्या लपवण्याने पोर हरवणार नाही, तुझ्या लपवण्याने हरवेल. पुढच्या टपालाने लिही.

ताई

*

बान नोंग खाम
२६ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हापासून घास गिळला नाही. लिहिते.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिचं पत्र आलं होतं. त्यात होतं की तिकडच्या कुठल्या विहारातल्या भंतेंनी तिला सांगितलं, लामदुआन हे नाव तिच्या जन्मवाराला लाभत नाही, बदल. त्यांनी नवं नाव काढून दिलं होतं, कन्लाया. आईने हो म्हटलं तर नोंदणी कचेरीत जाऊन बदलते, असं विचारलं होतं.

ताई, ते अक्षर तिचं नव्हतं. नीटनेटकं, शहरी, कुणा दुसरीचं होतं. मी म्हटलं, दोन वर्षांत एवढी मोठी झाली की आईला चार ओळी लिहायलाही माणूस ठेवते! आणि वर नाव नको. बाबांनी झाडाकडे बघत ठेवलेलं नाव नको, कन्लाया हवं. माझ्या डोक्यात राख गेली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी लिहिलं, आजोबांनी दिलेलं नाव टाकणार असलीस तर मलाही आई म्हणू नकोस. त्या दुसऱ्या नावाने आलेलं पत्र मी हातात धरणार नाही.

आणि नाही धरलं. जानेवारीत एक पाकीट आलं, मागे पाठवणारी म्हणून ते नाव होतं. मी पोस्टमनला म्हटलं, ही माझी कुणी नाही, परत पाठव. तो दोनदा म्हणाला, काकी, बघा तरी. मी मान वळवली.

मग माझा राग उतरला आणि मी लिहायला लागले. लामदुआनच्या नावाने. ती पत्रं परत आली तेव्हा वाटलं, उट्टं काढते आहे, काढू दे. दुसऱ्यांदाही तसंच वाटलं. तिसरं परत आलं तेव्हा मी तुझ्याकडे आले. तुला हे सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की पोर तूच घालवलीस. आणि माझी खात्री होती की माझ्या शब्दापुढे ती नाव बदलणार नाही. आपल्यात कोण आईचा शब्द मोडतं?

तुझं पहिलं पत्र आज परत काढून वाचलं. खोली चौदा. मी ते नाव तेव्हाही वाचलं होतं ताई. वाचलं आणि स्वतःला म्हटलं, या नावाच्या बँकॉकात शंभर असतील. तुला ओकारी होईपर्यंत त्या भिंतीपुढे मी उभं केलं.

जा. पत्र वाचून झालं की तशीच ऊठ आणि जा. ती तिथे असू दे.

सायथोंग

*

बँकॉक
३१ मार्च

सायथोंग,

आहे. आहे, जिवंत आहे, माझ्यासमोर बसून भात खाते आहे. आता श्वास घे आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी अर्धी पपई किसली होती. वान्दीच्या हातात सुरी दिली आणि निघाले. रस्ता कसा ओलांडला ठाऊक नाही, ख्वानला हाक मारायचीसुद्धा शुद्ध नव्हती. कारखान्याला सुट्टी होती. दारावरची बाई म्हणाली, "मावशी, पुन्हा तुम्ही?" मी म्हटलं, "कन्लाया, खोली चौदा." ती म्हणाली, "मग तसं सांगायचं! ती तर वरच आहे, सकाळीच पाणी भरून गेली." काखेत कळसा आणि गावाला वळसा. पंचवीस दिवस, सायथोंग! मी बाईला काहीतरी बोलले ते इथे लिहीत नाही.

दार तिनेच उघडलं. केस कुरळे करून घेतलेत, बारीक झाली आहे. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. काय म्हणाली माहीत आहे? "मावशी, आई गेली का?"

तू पत्र घेतलं नाहीस, तुझं काही आलं नाही, आणि आता मोठी मावशी दारात. तिला दुसरं काय वाटणार?

मी म्हटलं, "गेली नाही. पाय मोडून बसली आहे, तोंड शाबूत आहे." तेव्हा तिने मला हात जोडले. आणि जोडलेले हात नीट मिटेनात.

हीच ती गोष्ट, जी मी तुला सांगितली नव्हती. दवाखान्याच्या वहीत ताप नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळची. काजबटणाच्या मशीनखाली गेली. तुला मुद्दाम ताप लिहिला. तू एकटी, पाय प्लास्टरात, कसं लिहू?

तिनेही म्हणूनच लिहिलं नाही, तुला धक्का बसेल म्हणून. आता ते डिसेंबरचं पत्र पुन्हा आठव. शेजारच्या फिमोनवानने लिहिलं होतं, कारण तुझ्या लेकीला पेन धरता येत नव्हतं.

तू रडशील. रड. मीही रडले. मग ऐक.

मी तिला विचारलं, "पण नाव कशाला गं बदललंस? आई नको म्हणाली होती ना?" तिने मला पाणी ओतून दिलं. मग म्हणाली, "मावशी, पहिल्या वर्षी लामदुआनला ताप आला. मग ज्याने लग्नाचं विचारलं होतं तो दुसरीबरोबर गेला. मग लामदुआनची बोटं गेली. मी मशीनकडे बघितलं तरी थरथरायचे. मी म्हटलं, हे सगळं तिच्याजवळच राहू दे. मी दुसरी कुणी झाले तर कामावर जाता येईल." आणि गेली. त्याच कारखान्यात बटणं मोजायच्या खोलीत आहे. हजेरीपटावर कन्लाया आहे. मी त्या कारकुनापुढे बसले होते तेव्हा ती भिंतीपलीकडे होती. आणि बटणं मोजणाऱ्या मुली दुपारी डबा आतच खातात, फाटकापर्यंत येतच नाहीत.

तुझी पत्रं आली होती हे तिला कळलंच नाही. दारावरच्या बाईने वहीत नाव नाही म्हणून परत पाठवली. ती समजत होती की तू खरंच तोडलंस.

सोबत एक पाकीट पाठवते. जानेवारीत तू परत पाठवलेलं, तेच. तिने पेटीत तळाशी ठेवलं होतं, अजून न उघडलेलं. पत्ता बघ, अक्षर बघ. डाव्या हाताने लिहिलेलं तिचं पहिलं पत्र आहे. तीन आठवडे कागद गिरवत होती, असं फिमोनवान सांगते. ती म्हणाली, आईला अक्षर ओळखू यावं म्हणून.

पाण्याच्या सणाला कारखाना पाच दिवस बंद असतो. तिला घेऊन येऊ का, ते लिही. ती स्वतः विचारणार नाही. काल मी विषय काढला तर म्हणाली, "आई कुठल्या नावाने घरात घेईल?" ते तूच लिही.

ताई

*

बान नोंग खाम
५ एप्रिल

ताई,

पाकीट उघडलं. पत्ताच आधी पुष्कळ वेळ बघत बसले. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली आहेत, पहिलीत होती तेव्हाही अशीच काढायची. मी मान वळवली नसती तर मला लांबूनही ओळखू आलं असतं. पोस्टमन म्हणाला होता, बघा तरी.

आत तीनच ओळी आहेत. "आई, हे मीच लिहिलं आहे. नाव बदललं, रागावू नकोस. लामदुआनचं झाड फुललं का?" बाकी पान रिकामं. तेवढंच लिहिता आलं असेल.

आता तुला एक सांगते, आणि हे वाचून झालं की पत्र वान्दीच्या चुलीत घाल. तिकडच्या भंतेंनी तिचा जन्मवार गुरुवार धरून नाव काढलं. कागदावर तसंच आहे. पण बाबा नोंदणीला महिनाभर उशिरा गेले होते आणि तिथे मनाला येईल तो वार सांगून आले. ती मंगळवारी झाली ताई. सुईणीने टोपलीत ठेवली तेव्हा मंगळवारचा बाजार सुटत होता, मला पक्कं आठवतं. म्हणजे त्या हिशेबाने जुनं नाव वाईट नव्हतं आणि नवं चांगलं नाही. डिसेंबरात मी हे तिच्या तोंडावर मारणार होते, ते तेवढं राहिलं म्हणून बरं. ती त्या नावाच्या आधाराने उठून परत कारखान्यात गेली, मग वार कुठलाही असो. तिला कळू देऊ नकोस, माझ्या मेल्यावरसुद्धा.

घेऊन ये. प्लास्टर काल निघालं, मी स्टेशनवर येते.

दुसरं पाकीट तिच्यासाठी आहे. वर मी "कन्लाया, खोली चौदा" लिहिलं आहे. चार कागद वाया गेले, पण लिहिलं. तिच्या हातात दे आणि ती वाचेपर्यंत तू तिथे थांबू नकोस.

सणाच्या तिसऱ्या दिवशी सगळ्या आळीला बोलावलं आहे. तिचा ख्वान नोव्हेंबरपासून त्या मशीनपाशीच भेदरून बसला असणार, त्याला बोलावून घ्यायला हवं. केळीच्या पानांचा मनोरा थोंगदा करते आहे, अंडी आणि चिकट भात माझ्याकडे. पहिला दोरा मी बांधणार, त्याच हाताला.

आज सिंगखाम आजोबांकडे गेले होते, ते मंत्र म्हणणार आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायथोंग, हाक कुठल्या नावाने मारू? भलत्या नावाने बोलावला तर ख्वान वाट चुकतो."

मी म्हटलं, "आजोबा, आधी कन्लाया म्हणा. नाही आला तर लामदुआन म्हणा. आणि तरी नाही आला तर तुम्ही गप्प बसा, मी कुंग म्हणून हाक मारते. टोपलीत होती तेव्हा त्याच हाकेवर मागे फिरली होती."

सायथोंग